सहा घरांचा मानपान

नातेवाइकांचा आमच्या घरमालकांइतका सोस असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या त्या नातेवाइकांपैकी एकही माणूस नव्हता. सगळ्या भाषा होत्या. काही हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या, काही सहाराच्या वाळवंटात उंटांबरोबर हिंडणाऱ्या, काही नायजेरियाच्या बाजारात घासाघीस करणाऱ्या. पनवेलच्या लाइन आळीत, एका दुमजली घराच्या वरच्या गॅलरीत आरामखुर्ची टाकून आमचे घरमालक या सगळ्यांची खबरबात ठेवत. घराण्याचं नाव आफ्रो-आशियाई भाषाकुल. मी बी.ए. झालो होतो, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पुढे मात्र ते इतकं कानावर पडलं की माझ्या सख्ख्या चुलत्याला मुलं किती, हे सांगताना मी अडखळलो असतो. पण हौसा ही चाडी घरातली थोरली आणि सोमाली कुशी घरातली, हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

मी मूळचा महाडच्या पलीकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नव्वद सालच्या आसपास कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे कारकुनाची नोकरी लागली आणि खोली शोधत मी लाइन आळीत आलो. तोवर तीन-चार घरमालक भेटले होते. त्यांनी जात विचारली, पगार विचारला, मासे शिजवणार का ते विचारलं. यांनी मला वर बोलावलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "तुमच्या गावात बापाला काय म्हणतात?"

"बा," मी म्हणालो.

त्यांचे डोळे चमकले. ही बातमी आत कुणाला तरी सांगावी, अशा बेताने ते खुर्चीतून अर्धे उठले, आणि मग स्वतःच स्वतःला आवरून खाली बसले. "नाही. हिब्रूत अबा, अरबीत अब. पण हा योगायोग. जगातली सगळी पोरं बापाला असंच काहीतरी म्हणतात. योगायोगाला आपण वारस धरत नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला नळाची वेळ सांगा आधी!"

खोली मला मिळाली. कुठल्या निकषावर मिळाली, हे मला आजही सांगता येणार नाही.

आमचे घरमालक बेने इस्राएल समाजातले, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वी या लोकांचा तेलाच्या घाण्यांचा धंदा असे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यात अशी आठवण सांगतात की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. मोजकी माणसं वाचली, बाकी सगळं बुडालं. "भाषासुद्धा बुडाली," घरमालक सांगत. "प्रार्थनेचे चार शब्द तेवढे ओले होऊन किनाऱ्याला लागले. मग मराठीने आम्हाला पदराखाली घेतलं." तर ते घरी-दारी मराठीच बोलत, तीही कचेरीतली. कारण उभी नोकरी त्यांनी तहसील कचेरीत काढली होती आणि अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते.

ही नोकरी हे त्यांच्या सगळ्या वेडाचं मूळ आहे असं मला वाटतं. नवीन शहर वसवायला सरकारने तालुक्यातल्या जमिनी घेतल्या तेव्हा विचुंब्यापासून उलव्यापर्यंतचे खातेदार आणि त्यांचे वारस यांच्यासमोर बसून वंशावळ्या लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. मूळ पुरुष कोण, त्याला मुलं किती, मयत किती, हयात किती, मुंबईला गिरणीत गेलेला कोण, लग्न होऊन पेणला दिलेली बहीण कोण. गावकरी बहिणींची नावं हटकून विसरत. हे विचारत, "बहीण नाही का?" समोरचा म्हणे, "हाय ना, पन ती दिलेली हाय." मग हे टाक खाली ठेवून म्हणत, "दिलेली आहे म्हणजे मेलेली नाही. नाव सांगा." या प्रश्नापायी अनेक भाऊ त्यांच्यावर रागावले होते आणि काही बहिणी सणाला घरी तांदूळ आणून देत होत्या.

त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन इस्राएलला गेली होती. घरमालक निवृत्त झाल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, की आता तिकडे कोण आहे तुमचं, दोघं इकडे या. तिला एक मुलगी झाली होती. नातीला मराठी येत नव्हती, आजी-आजोबा तिने फोटोतच पाहिले होते. काकूंचा जीव तिकडे ओढत होता. घरमालक म्हणाले, "जाऊ. नक्की जाऊ. पण मुक्यासारखं कशाला जायचं? हिब्रू शिकतो आणि निघतो."

त्यांनी टपाल नाक्यावरच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवलं. न्हावा-शेवाच्या बंदरावर जहाजं लागायला लागल्यापासून त्या रद्दीवाल्याकडे जगातली पुस्तकं येत. हिब्रूचं एक जुनं व्याकरण आलं. घरमालकांनी पहिलं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं की हिब्रू ही सामी शाखेतली भाषा असून ही शाखा एका मोठ्या कुळाचा भाग आहे. झालं. ज्याने आयुष्यभर धाकट्या वारसाचा अर्ज हातात घेण्याआधी मूळ पुरुष विचारला, तो माणूस दुसऱ्या पानावर जाणार कसा? त्यांनी पुस्तक मिटलं आणि मूळ पुरुषाच्या शोधाला लागले.

"आपल्याकडे लग्नाची अक्षत कशी देतात?" ते मला विचारत. "आधी थोरल्या घरी. थोरल्याला वगळून धाकट्याच्या दारात गेलं तर भाऊबंदकी पेटते. मग मी थेट हिब्रूकडे कसा जाऊ? तिच्याआधी अक्कादी होऊन गेली. त्याआधी मिसरी, इजिप्तची. पिरॅमिडवाली. तिला विचारायचंच नाही?"

काकू आतून म्हणत, "भाषा नवगावला बुडाली म्हणता ना? मग शोधायला इजिप्तला कशाला जाताय? नवगावची एसटी रोज आहे."

गॅलरीच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी या घराण्याची वंशावळ मांडली होती, अगदी कचेरीच्या रीतीने. वर मूळ भाषा, कंसात मयत. मूळ गाव: वादग्रस्त. "काही विद्वान म्हणतात आफ्रिकेत, काही म्हणतात लाल समुद्राच्या अलीकडे. सातबारा कुणाकडेच नाही." खाली सहा वारस. मिसरी, मयत; पश्चात कॉप्टिक, तीही प्रार्थनेपुरती. सामी, हयात, पोटी अरबी, हिब्रू, अरमाईक, इथिओपियातली अम्हारिक वगैरे. बर्बर, हयात, उत्तर आफ्रिकेत डोंगरात आणि वाळवंटात. कुशी, हयात. चाडी, हयात, लेकुरवाळी. आणि सहावी ओमोती, इथिओपियातल्या ओमो नदीच्या काठची. तिच्यापुढे लाल शाईने लिहिलेलं होतं: हरकत प्रलंबित. काही विद्वान तिला या घरातली मानतात, काही म्हणतात ती शेजारी राहून घरच्यासारखी दिसायला लागली आहे, एवढंच. घरमालक या हरकतीने फार अस्वस्थ होत. पुष्कळदा मी ऑफिसातून येई तेव्हा ते त्या सहाव्या नावाकडे पाहत बसलेले असत.

"बाकीच्या पाचांचं जमतंय. हिचं काय करावं?" ते मला विचारत. मी कळंबोलीत दिवसभर सळया आणि पत्रे मोजून आलेला असे. मी म्हणे, "काका, तिला विचारून पाहा."

"तेच कुणी करत नाही," ते गंभीरपणे म्हणत.

एकदा मी भीतभीत विचारलं की आपली मराठी या वंशावळीत कुठे बसते. मला वाटलं होतं ते चिडतील, पण ते खूष झाले. "नाही बसत. मराठीचं घराणं वेगळं. पण या घरच्या कितीतरी लेकी मराठीत सुना म्हणून आल्यात आणि सुखाने नांदतायत. अरबी माहेर, फारसीच्या मांडवातून इकडे आल्या. ह, स आणि ल ही तीन अक्षरं घ्या. तहसील, महसूल, हासील. एका खोडाच्या तीन फांद्या. मी जन्मभर या तीन अक्षरांचं मीठ खाल्लं आणि मला निवृत्त झाल्यावर कळलं! वारस घ्या. मिरासदारातली मिरास त्याच खोडाची. हुकूम, हाकीम. हरकतसुद्धा." त्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की माझा बा, जो अंगठा उठवतो, तो दिवसातून दहा वेळा अशा शब्दांनी बोलतो. बा म्हणजे अडाणी आणि त्याची बोली म्हणजे गावंढळ, असं कॉलेजात जाताना माझ्या मनात कुठेतरी बसलं होतं. ते त्या दिवसापासून उठलं. घरमालकांचे माझ्यावर उपकार पुष्कळ आहेत, भाडं थकलं तरी ते कधी वर बोलवत नसत, पण हा उपकार मी सगळ्यांत मोठा धरतो.

शब्दांच्या भरात त्यांना काळवेळ राहत नसे. दारावर एक मासेवाली येई, करंजाड्याच्या बाजूची. ती त्यांच्यासाठी खवल्यांचा मासा वेगळा ठेवी, कारण कोळंबी आणि चिंबोरी त्यांच्या धर्मात चालत नाही. एकदा ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि पाटी उतरवत म्हणाली, "काय सांगू काकी, आमच्याकडं मयत झाली. चुलतसासरा गेला."

घरमालक गॅलरीतून धावत खाली आले. चेहरा फुललेला. "काय म्हणालात? मयत? पुन्हा म्हणा! अरबीत मय्यित. हिब्रूत मेत. मिसरीत म आणि त. बर्बरीत तेच. तिकडे हौसामध्ये मुतू. चार घरांत एकच मयत, बाई!"

मासेवालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. "काकी, याना काय झालाय?"

"काही नाही गं. तू बस. पाणी देऊ का?" काकूंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. "अहो, तिच्या घरचा माणूस गेलाय!"

घरमालक खजील झाले. त्यांनी हात जोडले. "चुकलो. किती वय होतं?"

"वय झाला होता. पन मानूस चांगला होता. आमी काय भांडलो नाय कदी." ती डोळे पुसत म्हणाली, आणि मग पाटी उचलता उचलता थबकून म्हणाली, "चार घरात बोलतात क ओ असाच? आमच्यासारका?"

"असंच," घरमालक हळू आवाजात म्हणाले. तिला त्याचं बरं वाटलं असावं. तिने त्या दिवशी भावात घासाघीस केली नाही.

त्यांचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे नाक्यावरच्या बेकरीचे चाचा. हे कुवेतला पुष्कळ वर्षं राहून आलेले कोकणी मुसलमान. त्यांची अरबी घरमालकांपेक्षा किती तरी पक्की होती. रोज संध्याकाळी घरमालक बेकरीच्या बाकावर जाऊन बसत आणि दोघं थोरलेपणावरून भांडत.

"काका, आपली जबान थोरली, हे एकदा कबूल करून टाका. अर्धी दुनिया बोलते," चाचा म्हणत.

"थोरली नाही, भरलेली. घरात पोरं जास्त म्हणून कुणी थोरला होत नाही."

"अन् तुमची हिब्रू तर मधे शेकडो वर्षं झोपली होती, कुणी बोलतच नव्हतं. आत्ता कुठे उठली."

"झोपली होती, मेली नव्हती. झोपलेल्या भावाचा हिस्सा जात नाही."

मग चाचा नानकटाई पुढे करत आणि निकाल दुसऱ्या दिवसावर जाई.

शुक्रवारी सूर्य मावळला की मात्र हे सगळं बंद. शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे सक्तीचा विसावा. त्यांच्या समाजातले बाकीचे लोक इतके कडक नव्हते, पण घरमालक नियम म्हणजे नियम असं मानणारे. विजेचं बटण दाबायचं नाही, आणि दुसऱ्याला दाबायलाही सांगायचं नाही. आता पनवेलची वीज शुक्रवारीच जायची आणि वाटेल तेव्हा यायची. वीज आली तरी बटण बंदच. मग दिवेलागणीला काकूंनी लावलेल्या वाती विझत आल्या की वरच्या गॅलरीतून, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात, एक वाक्य येई: "आज अंधार फार आहे बुवा." मी खालून वर जाई, गॅलरीतला दिवा लावी आणि काही न बोलता परत येई. ते आभार मानत नसत, कारण आभार मानले तर सांगितल्यासारखं होईल. पहिल्यांदा मला हे वाक्य कळलंच नव्हतं. मी खालून ओरडलो होतो, "हो ना काका, फारच!" आणि काकू अंधारात पोट धरून हसल्या होत्या.

अशी वर्षं जात होती. मिसरीचा मान झाला, अक्कादीचा झाला, हौसाचं मुखपृष्ठ नसलेलं व्याकरण पाठ झालं. हिब्रू अजून पहिल्याच पानावर होती. इकडे मुलीने काकूंसाठी हिब्रूच्या कॅसेट पाठवल्या होत्या. काकू चौथी शिकलेल्या. त्या सकाळी भाकऱ्या थापताना टेपरेकॉर्डर लावत आणि कुकरला उद्देशून म्हणत, टोमॅटो ताजे आहेत का, बस कुठे थांबते, माझं नाव अमुक, मला एक नात आहे. घरमालक गॅलरीतून ओरडत, "ही बाजारातली हिब्रू झाली!"

"मला बाजारातच जायचंय," काकू म्हणत.

मग एका रविवारी सकाळी ते फोन प्रकरण झालं. मुलीने निरोप पाठवला होता की नात आता फोनवर बोलते, तिच्याशी बोला. आम्ही तिघं टपाल नाक्यावरच्या बूथवर गेलो. मी गेलो कारण नंबर मोठा होता आणि फिरवायचं काम माझ्याकडे होतं. काचेच्या पेटीत घरमालक उभे, इस्त्रीचा सदरा घातलेला. फोन लागला. पलीकडून आलेला बारीक आवाज आम्हालाही ऐकू आला, "सबा?" म्हणजे आजोबा. आणि पाठोपाठ एक लहानसा प्रश्न.

घरमालकांचा चेहरा उजळला. "अगं, सबा हा मूळ हिब्रू नव्हेच! तो अरमाईक घरातून आलेला..." ते मराठीत सांगत राहिले. अरमाईक ही हिब्रूची कशी चुलतबहीण आणि या घरातून त्या घरात शब्द कसे जातात. मीटर पळत होता. मी काचेवर टकटक केली. त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते एकाएकी थांबले, कारण पलीकडे कुणीच नव्हतं. पोरीने रिसीव्हर खाली ठेवून दिला होता, किंवा आईकडे दिला होता. त्यांनी हातातला रिसीव्हर काकूंपुढे धरला.

काकूंनी कॅसेटवरचं एक छोटं वाक्य म्हटलं. पलीकडून खिदळणं ऐकू आलं. मग दुसरं वाक्य. पुन्हा खिदळणं. दोघींचं बराच वेळ चाललं.

बाहेर आल्यावर घरमालकांनी विचारलं, "तिने मला काय विचारलं होतं?"

"तुम्हाला कळलं नाही?"

"शब्द सगळे ओळखीचे होते. एकेकाची चौकशी करेपर्यंत..."

"कधी येणार, एवढंच विचारलं तिने," काकू म्हणाल्या. आणि नाक्यावर, रिक्षांच्या गर्दीत, त्यांनी आवाज न चढवता म्हटलं, "पाहुण्यांचा मान करता करता घरचं पोर उपाशी ठेवलंत. मी तिकीट काढते. तुम्ही सगळ्यांना अक्षत देऊन या मागाहून."

त्या आठवड्यात घरमालक बेकरीवर गेले नाहीत. पुस्तकं मिटलेली, भिंतीवरची वंशावळ तेवढी समोर. शुक्रवारी वीज गेली आणि आली, तरी वरून वाक्य आलं नाही. मी आपणहून गेलो आणि दिवा लावला. काका आत पडले होते. काकू गॅलरीत बसल्या होत्या. त्यांनी मला थांबवलं.

"रागावलास का त्यांच्यावर?"

मी नाही म्हणालो.

"भितात रे ते. त्यांचा चुलतभाऊ पहिल्यांदा गेला होता तिकडे, फार वर्षं झाली. तेव्हा तिकडच्या लोकांनी विचारलं होतं आपल्या माणसांना, की तुम्ही खरंच आमच्यातले का? काळे दिसता, बोलता मराठी, पुरावा काय? तो परत आला. पुढे ते सगळं मिटलं, आता कुणी विचारत नाही, लेक सांगते ना. पण यांच्या मनातून गेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना वारस ठरवत आले. आपल्यालाच कुणी दारात विचारलं तर? म्हणून सगळ्या घरांच्या ओळखी काढून ठेवतायत."

मी भिंतीकडे पाहिलं. सहाव्या नावापुढची लाल अक्षरं दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होती. एवढी वर्षं मी ती रोज वाचली होती. मी म्हणालो, "काकू, नळाला पाणी आलंय," आणि खाली आलो.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. ते खुर्ची भिंतीला लावून तिच्यावर उभे होते, हातात टाक. ओमोतीपुढचे शब्द त्यांनी एका सरळ रेघेने खोडले होते आणि वर लिहिलं होतं: नोंद मंजूर.

"पुरावा आला, काका?" मी विचारलं.

"नाही आला. येईलसं वाटत नाही." त्यांनी टाक पुसला. "पण इतकी वर्षं त्या घराच्या अंगणात नांदतेय ना? तिला घरचं बोलता येतंय, घरच्यांना तिचं कळतंय. मग हरकत घेणारा कोण? मी अव्वल कारकून आहे. मी मंजूर केली." मग आत पाहून मोठ्याने म्हणाले, "अहो, ती टोमॅटोची कॅसेट लावा. पहिल्यापासून."

निघण्याआधी त्यांनी घरात मलिदा केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हनबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना; प्रवासाला निघताना त्यांच्यात ही रीत आहे. मासेवाली आली, पाटी बाहेर ठेवून. बेकरीचे चाचा डबाभर नानकटाई घेऊन आले आणि कोपऱ्यात बसून राहिले. निघताना म्हणाले, "काका, आता भांडायला कोण राहिलं हो? तुमचीच थोरली. कबूल."

"आता कबूल करून काय उपयोग," घरमालक म्हणाले. "निकाल राखून ठेवू." आणि दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

पुढे काही महिन्यांनी बेकरीच्या फोनवर त्यांचा फोन आला. चाचांनी पोऱ्याला पाठवून मला बोलावून घेतलं. आधी दोघांचं जोरात भांडण झालं, ते मी बाजूला उभा राहून ऐकलं. मग रिसीव्हर माझ्याकडे आला.

"अहो, ऐका!" आवाज तोच, खरखरीत. "इथे आमच्या जिन्यात अख्खी वंशावळ राहते! खाली मोरोक्कोच्या डोंगरातली एक म्हातारी आहे, बर्बर बोलणारी. मी तिला पाण्याला अमान म्हटलं, तर तिने मला घरात नेऊन जेवायला घातलं. तिची सून म्हणते, सासू वर्षात एवढी बोलली नव्हती. वर कुर्दिस्तानचा एक, घरात अरमाईक. समोर इथिओपियाचे आजोबा, त्यांना लहानपणीची कुशी थोडी आठवते. सगळ्यांच्या घरी आधीच मान पोचवून ठेवला होता मी, कळलं का?"

"आणि ओमोती?"

"अजून भेटली नाही. शोधतोय."

"आणि नात?"

ते हसले. "तिने मला शाळेत घातलंय. रोज चुका काढते. हिची हिब्रू चांगली म्हणते, माझी फार जुनी." मग म्हणाले, "दारात कुणी काही विचारलं नाही हो. पेटी कुठे ठेवू, एवढंच विचारलं."

मला बरं वाटलं. शुक्रवारचं कसं काय, असं मी विचारलं.

"जावयाने यंत्र बसवलंय. वेळ लावून ठेवली की दिवा आपोआप लागतो. सोय झाली." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण मागच्या शुक्रवारी ते बिघडलं. मी सवयीने म्हटलं, आज अंधार फार आहे बुवा. तर सगळा जिना आपलाच, शब्बाथ सगळ्यांनाच. कोण उठणार? बसलो तसेच."

वरच्या मजल्याची किल्ली ते माझ्याकडे ठेवून गेले होते. लग्न होऊन नवीन पनवेलला राहायला जाईपर्यंत मी त्याच खोलीत होतो. शुक्रवारी कळंबोलीहून परत आलो की मी जिना चढून वर जाई, गॅलरीतला दिवा लावी आणि खाली येई. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही, असाच त्यांचा नियम होता.